‘काही करत नाही हो ती’

जाईला घरी आणलं तो फेब्रुवारी २०२४ मधला एक रविवार होता. मुळशीच्या बाजूला एका फार्महाऊसवर ती तीन वर्षं साखळीला होती. मालकानं राखणीसाठी पिल्लू घेतलं, पुढे जागा विकायला काढली, माळी गावाला निघून गेला. शेजारच्या वाडीतली एक बाई रोज दोन भाकऱ्या टाकून जायची, तेवढ्यावर ती तगली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलीनं मला फोटो पाठवला. फोटोत रॉटवायलर दिसत होती: काळीभोर, भुवयांवर तांबूस ठिपके, रुंद डोकं. प्रत्यक्षात बघितली तर बरगड्या मोजता येत होत्या. आचळं लोंबत होती, म्हणजे विक्रीसाठी तिची पिल्लंही काढून घेतलेली. मानेभोवती साखळीनं केस झडून बोटभर रुंदीची कातडी उघडी पडली होती. तिथं हात लावला की ती श्वास रोखायची. गुरगुरणं नाही, अंग चोरणं नाही. जागच्या जागी थिजायची.

मला वाटलं, किती शांत आहे.

तिथं तिला ‘डेंजर’ म्हणायचे. हे नाव मी पहिल्याच दिवशी बदललं. आमच्या परिसरात जी मोठी कुत्री आहेत त्यांची नावं ऐका: टायसन, डॉन, किलर. जिन्यात अशी हाक ऐकली की समोरचा माणूस आधीच अंग चोरतो. म्हणून जाई.

आम्ही सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. आधी आमच्याकडे बारा वर्षं लॅब्रडॉर होता, त्यामुळे कुत्रं आपल्याला कळतं असं मी धरून चालले होते. पहिला महिना डॉक्टरकडेच गेला. अंगावर गोचिडी, त्यातून आलेला ताप, रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खाली. ती सावरली, अंगावर मांस धरायला लागली, आणि तेवढ्यात १२ मार्चचं पत्र आलं.

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना लिहिलं होतं की तेवीस जातींची कुत्री ‘माणसाच्या जिवाला धोकादायक’ धरून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आणि जी आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत पिटबुल होता, डोगो अर्जेंटिनो होता, रॉटवायलर होता. ‘टेरियर्स’ आणि ‘मॅस्टिफ्स’ अशी अख्खी कुळंच्या कुळंही होती. संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती यादी सहा जणांनी टाकली. रॉटवायलरच्या ओळीवर पिवळा रंग मारून.

पुढे त्या पत्राचं काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. संबंधितांचं म्हणणं नीट ऐकून न घेता ते काढलंय असं म्हणत कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिल २०२४ ला ते रद्द केलं. दिल्लीतही ते टिकलं नाही, आणि मे महिन्यात केंद्रानं लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. पण सोसायटीची मीटिंग त्याआधीच, मार्चअखेरीला झाली.

मी त्या मीटिंगला तयारीनिशी गेले होते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली होती. बहुमतानं ठराव करूनसुद्धा सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं एक संशोधनही नेलं होतं. अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली, त्यातल्या दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले, तर एकेका कुत्र्याच्या वागण्यात जातीमुळे ठरणारा वाटा सुमारे ९ टक्केच निघाला. हे मी वाचून दाखवलं. सेक्रेटरी गप्प झाले. मला बरं वाटलं.

तेव्हा ‘बी’ विंगमधल्या एक आजी उठल्या. नातवाला पाळणाघरातून, शाळेतून आणणं-सोडणं त्याच करतात. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “ते सगळं खरं असेल. पण हातातून सुटली तर?”

मी म्हणाले, “काही करत नाही हो ती.”

आपल्याकडे कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात हे वाक्य असतं. पॉमेरेनियनवाला म्हणतो, लॅबवाला म्हणतो. बारा वर्षं मीही म्हणत आले होते. पण जाई आमच्याकडे येऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. सात आठवड्यांच्या ओळखीवर, चाळीस किलोच्या कुत्रीबद्दल, मी दुसऱ्याच्या घरच्या माणसाला हमी देत होते. ती जात बदनाम आहे म्हणून तिची बाजू घ्यायची, या भरात माझ्या ते लक्षातच आलं नाही.

मे महिन्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही लिफ्टनं खाली आलो. माझ्या डाव्या हातात फोन होता, पट्टा उजव्या मनगटाला नुसता अडकवलेला. दार उघडलं आणि समोर आजींचा नातू, तिसरीतला. हातातली प्लास्टिकची बॅट उगारलेली, धावत लिफ्टकडे येत होता. जाई एकदाच भुंकली आणि तिनं झेप घेतली. तिचे पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर. तो मागे पडला, पायरीच्या कडेला कोपर घासलं. तिनं तोंड लावलं नाही. मी पट्टा ओढेपर्यंत ती मागे झालेली होती, शेपूट पोटाखाली, थरथरत. तीन वर्षं तिनं उगारलेल्या काठीनं काय होतं ते बघितलं होतं, आणि तिच्या दृष्टीनं ती बॅट म्हणजे काठीच होती. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी दिसत होतं ते एवढंच, की एक आठ वर्षांचं पोर जमिनीवर आहे आणि त्याच्या तोंडातून आवाज फुटत नाहीये.

जाईला वॉचमनच्या खोलीत बंद केलं आणि त्याची जखम नळाखाली धरली. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. छातीवर नखाचा ओरखडा होता, बारीक, पण रक्त दिसत होतं. दवाखान्यात मी जाईचा लसीचा कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला आणि तरीही लस सुरू केली. ओरखडा आहे, जोखीम घ्यायची नाही म्हणाले. पाच डोस. पहिला त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पाचही वेळा मी त्यांच्याबरोबर गेले. खर्च केला, पण ते महत्त्वाचं नाही. बाकावर त्या आजींच्या शेजारी बसणं हे महत्त्वाचं होतं. दुसऱ्या डोसच्या वेळी त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुम्ही म्हणाला होतात, काही करत नाही. मी विश्वास ठेवला होता.”

त्यांनी पोलिसांत तक्रार केली असती तर ती योग्यच ठरली असती. पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हाच आहे. आधी भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रॉटवायलर चावला म्हणून मुंबईत एका मालकाला न्यायालयानं तीन महिन्यांची शिक्षा सुनावलेली आहे. कायदा कुत्र्याची जात विचारत नाही, मालकानं काय काळजी घेतली ते विचारतो. मला हे बरोबर वाटतं.

त्याच महिन्यात चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केलं होतं. त्याआधी २०२२ मध्ये लखनौला पिटबुलनं घरातल्याच ८२ वर्षांच्या बाईंचा जीव घेतला होता. अशी बातमी आली की आम्ही कुत्रेवाले लगेच म्हणतो, कुत्र्याचा दोष नाही, मालकाचा आहे. खरंय ते. पण मग मालक म्हणून आपण रोज नेमकं काय करतो, हे सांगता आलं पाहिजे. मला तेव्हा सांगता आलं नसतं. आणि त्या ९ टक्क्यांच्या आकड्यानं एक गोष्ट झाकली जाते. स्वभाव जातीवर फारसा ठरत नसेल, पण वजन आणि जबडा ठरतो. पॉमेरेनियन घाबरून झेपावला तर पोटरीला दात लागतील. जाई झेपावली तर पोर पडतं.

मी प्रशिक्षक शोधायला लागले. पहिल्यानं फोनवरच सांगितलं की काट्यांचा गळपट्टा घाला, ‘मालक कोण ते दाखवा’. ज्या मानेवर तीन वर्षं साखळी होती तिथं काटे घालायचे नव्हते, म्हणून तो विषय तिथंच संपला. दुसरे घरी आले, तासभर जमिनीवर बसून राहिले, जाईकडे बघतसुद्धा नव्हते. मग मला विचारलं, “गुरगुरते का?”

मी सांगितलं, “नाही, कधीच नाही.” अभिमानानं सांगितलं.

“मग काळजी आहे,” ते म्हणाले.

त्यांनी जे समजावलं त्यानं माझी बारा वर्षांची समजूत बदलली. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं ‘पुरे’ म्हणणं. त्याच्याही आधी ते बारीक खुणा देतं: ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतं, अंग ताठ करतं. कुणी ऐकलं नाही तर गुरगुरतं. त्यावरही मार बसला तर ते गुरगुरणं सोडून देतं, आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही, थेट झेप. मला जे शांत वाटलं होतं ते थिजणं होतं. जिन्यात, लिफ्टमध्ये, पाहुण्यांसमोर ती अडीच महिने सांगत होती आणि मी कौतुक करत होते.

त्या दिवसापासून तिला कुणीही न विचारता हात लावायचा नाही असं ठरलं, घरच्यांनीसुद्धा. हात पुढे करायचा, तीन सेकंद थांबायचं, ती आली तर कुरवाळायचं, नाही आली तर सोडून द्यायचं. मान तर कुणीच धरायची नाही. पट्टा लागतो तो छातीच्या हार्नेसला. ऑगस्टमध्ये एके रात्री नवरा टीव्ही बघता बघता सवयीनं तिच्या मानेवर हात फिरवायला गेला आणि ती गुरगुरली. बारीक, घशातल्या घशात. त्यानं हात मागे घेतला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं ऐकलं जातं यावर तिचा विश्वास बसला होता.

कुत्र्याच्या तोंडाला घालतात त्या मझलचं काम याच काळात चाललं होतं. दुकानात मिळतात ते कापडी मझल तोंड घट्ट मिटून टाकतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये काळ्या कुत्र्याचं तोंड बांधलं तर ते उष्म्यानं कोसळू शकतं. पाहिजे ती जाळीची टोपली: तिच्यात तोंड उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. टेपनं तिच्या नाकाची लांबी आणि जबड्याचा घेर मोजून मी ती मागवली.

ती सरळ तोंडावर चढवायची नाही. पहिले चार दिवस टोपली नुसती जमिनीवर, तिच्या भांड्याशेजारी. मग आतून चक्का लावला. श्रीखंडाला आणतो तोच, बिनसाखरेचा. तिनं नाक घालून चाटायचं आणि बाहेर काढायचं. मग मी टोपली हातात धरायची, ती आपणहून नाक घालायची. मग पट्टी नुसती मानेला टेकवायची, लावायची नाही. मानेला पट्टी टेकली की सुरुवातीला परत तेच, श्वास रोखणं. तिथं आम्ही नऊ दिवस थांबलो. एका सकाळी पट्टी टेकली आणि तिची जीभ चालूच राहिली. त्या दिवशी बक्कल लावलं, दोन सेकंद, आणि काढलं. पंचवीस-तीस दिवसांनी अशी वेळ आली की मी टोपली उचलली की ती दाराशी जाऊन उभी राहते आणि स्वतः तोंड पुढे करते, कारण टोपली म्हणजे फिरायला जायचं.

सासूबाईंना हे सगळं बघून वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्या पारनेरकडच्या, शेतकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, “खळ्यात बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचो ते काय तो मारका म्हणून? कणसात तोंड घालू नये म्हणून. काम झालं की सोडायचं.” तेव्हापासून आमच्या घरात मझलला मुसकंच म्हणतात.

आता आमचं रोजचं असं चालतं. पहाटे पाचला फिरणं, रात्री साडेदहाला दुसरं. लिफ्ट वापरायचा हक्क आहे, पण आम्ही जिन्यानं जातो, कारण लिफ्टचं दार उघडल्यावर समोर कोण असेल ते कळत नाही आणि आत मागे सरायला जागा नसते. प्रत्येक वळणाआधी मी थांबते, पुढे बघते, मग तिला घेते. दोन पट्टे: एक हार्नेसला, एक जादाचा, कमरेला बांधलेला. फोन घरी. सोसायटीच्या आवारात आणि रस्त्यावर मुसकं कायम, कुणी मागितलं नसलं तरी. मुलाला तिला एकट्यानं खाली न्यायची परवानगी नाही. तो रुसतो, पण चाळीस किलो रोखण्याची ताकद त्याच्या हातात अजून नाही. भांड्याच्या मावशी येतात तेव्हा जाई जाळीच्या दारामागे असते आणि ते दार मी स्वतः लावते. मावशींनी ‘राहू द्या ताई, आता ओळखते मला’ म्हटलं तरी लावते. खाली भटकी कुत्री अंगावर येतात तेव्हा पट्टा ताणायचा नाही, वळून दुसरी वाट धरायची. विष्ठा उचलायला पिशवी खिशात असतेच, ते वेगळं सांगायला नको.

रॉटवायलर ही जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची, गुरं हाकणारी कुत्री. गुरांना अंगानं रेटत नेणं त्यांच्या रक्तात आहे. जाईसुद्धा माणसाला असंच रेटते, प्रेमानं पायाला टेकून उभी राहते आणि सासूबाईंसारख्या हलक्या माणसाचा तोल जातो. म्हणून ‘बाजूला’ हा शब्द तिला पहिला शिकवला. तिच्या डोक्यालाही काम लागतं. संध्याकाळी घरात चार ठिकाणी खाऊ लपवून तिला शोधायला लावतो. वीस मिनिटांनी ती अशी झोपते जणू पाच किलोमीटर चालून आली.

गणपतीआधीचे दोन महिने आमच्यासाठी अवघड असतात. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडकीपर्यंत ठोके येतात. त्या दिवसांत रात्रीचं फिरणं आधी किंवा नंतर ढकलतो, खिडक्या लावून आतल्या खोलीत पंखा आणि रेडिओ. विसर्जनाला, दिवाळीला घरातलं एक माणूस तिच्यापाशी थांबतं. ठरवलंच आहे ते.

कागदपत्रंही एकदा नीट केली. महापालिकेचा परवाना काढला. रेबीजचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि तिचा फोटो, एवढंच लागलं. इतक्या सोप्या कामासाठी इतकी घरं परवान्याशिवाय का राहतात ते मला कळत नाही. विमा घेतला, त्यात तिनं दुसऱ्याला इजा केली तर भरपाईचाही भाग आहे. नसबंदी जूनमध्ये केली. ती सरकारी पत्रामुळे नव्हे. न केलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होण्याचा धोका असतो, आणि तिच्या पोटची पिल्लं परत कुणाच्या फार्महाऊसवर साखळीला जायला नको होती. पैदाशीचे नियम २०१७ पासून आहेत: दीड वर्षाच्या आत मादी लावायची नाही, जन्मभरात पाचहून जास्त वेत घ्यायचे नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. ते पाळले जातात का हे विकत घेणाऱ्यानं विचारायला हवं, आणि पिल्लाची आई दाखवा म्हणायला हवं. जी माणसं आई दाखवत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नका.

मला आता अधूनमधून फोन येतात, रॉटवायलर घ्यायचाय, पिटबुल घ्यायचाय, कसा असतो म्हणून. मी दोनच गोष्टी विचारते. दिवसाचे दोन तास कोण देणार त्याचं नाव सांगा, आणि कशासाठी हवाय ते सांगा. उत्तर ‘राखणीला’ असलं तर मी सांगते की कुलूप आणि कॅमेरा घ्या. साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते घाबरून जगायला शिकतं आणि कधीतरी त्या भीतीची किंमत दुसरंच कुणीतरी देतं.

आजी अजून जाईला घाबरतात, आणि त्यांनी का घाबरू नये? मी त्यांची भीती घालवायला गेले नाही. फक्त जिन्यात समोर आल्या तर मी आधी सांगते, “मुसकं आहे, दोन पट्टे आहेत, मी भिंतीकडून नेते, तुम्ही पुढे व्हा.” मग त्या जातात. पहिले काही महिने त्या काहीच बोलायच्या नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांचा नातू एकटाच वर येत होता, दप्तर पाठीला. आम्हाला बघून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला, भिंतीला पाठ लावली, हात खाली सरळ ठेवले, आणि विचारलं, “काकू, मुसकं घातलंय का?”

“घातलंय.”

“पट्टे दोन?”

“दोन.”

“मग न्या,” तो म्हणाला. मी जाईला ‘बाजूला’ म्हटलं, ती माझ्या डाव्या पायाला लागून उतरली, आणि तो आमच्या मागून एकेक पायरी करत वर गेला.